नको असलेली संकेतस्थळे : शोधाच्या यादीतून कायमची कशी वगळावीत



गेल्या सत्रात आठवीच्या वर्गाला आम्ही 'आपल्या किल्ल्यावरील शून्य' हा प्रकल्प दिला होता. चतुर्भुज मंदिर राजा मानसिंह तोमर यांनी बांधले, असे नऊ मुलांनी लिहिले. एका मुलीने बांधणाऱ्याचे नाव 'अल्ल' असे दिले. हे नाव आम्हांला अपरिचित होते. आम्ही कार्यालयातील संगणकावर शोध घेतला, सर्वांत वर आलेले संकेतस्थळ उघडले, तिथे मानसिंह तोमर हेच नाव दिसले, आणि आम्ही तिचे दोन गुण कापले. नऊही वह्यांत 'शिलालेख' हा शब्द एकाच तऱ्हेने चुकला होता आणि त्या संकेतस्थळावरही तो तसाच चुकला होता, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा शाळेत आले. रागावले नव्हते. "सर, रविवारी सकाळी किल्ल्यावर येता का?" एवढेच म्हणाले. आम्ही गेलो. मंदिर एका अखंड खडकात कोरलेले आहे. वाइल्लभट्टाचा मुलगा अल्ल हा प्रतिहार राजा भोज याच्या काळात या किल्ल्याचा रक्षक होता आणि मंदिर त्याचेच आहे. आतील शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा. फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा, असा हिशेब त्यात आहे. २७० आणि ५० यांतील शून्य म्हणजेच आपले प्रसिद्ध शून्य. मानसिंहांचे राज्य १४८६ ते १५१६, म्हणजे सुमारे सहाशे वर्षे नंतरचे! मुलगी बरोबर होती. तिचे गुण आम्ही परत दिले आणि वर्गासमोर तिची क्षमाही मागितली.

(जाता जाता : हे 'जगातील सर्वांत जुने शून्य' असेही पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. कंबोडियातील साम्बोर येथील शिलालेखात शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हा आकडा आहे आणि त्यात शून्यासाठी टिंब आहे. ते आपल्यापेक्षा जुने. आपल्या किल्ल्याचे महत्त्व त्याने कमी होत नाही.)

त्याच तासाला एका मुलाने विचारले, "सर, ते संकेतस्थळ मला पुन्हा कधी दिसूच नये, असे करता येते का?" प्रश्न चांगला होता. उत्तरासाठी आम्हांलाही थोडा अभ्यास करावा लागला.

गूगलने अशी सोय पूर्वी दिली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी क्रोम ब्राउझरसाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, काढला. त्यातून नको ते संकेतस्थळ आपल्या यादीतून वगळता येई. पुढच्याच महिन्यात ही सोय थेट शोधाच्या पानावर आली. एका माणसाला ५०० पर्यंत संकेतस्थळे ब्लॉक करता येत. त्या काळी शोधांसाठी म्हणूनच घाईघाईने लिहिलेला उथळ मजकूर पसरवणाऱ्या संकेतस्थळांचा सुळसुळाट झाला होता. गूगलने त्याच फेब्रुवारीत आपली क्रमवारीची पद्धत बदलली, आणि नंतर ताडून पाहिले तेव्हा लोकांनी सर्वाधिक ब्लॉक केलेल्या काही डझन संकेतस्थळांपैकी ८४ टक्के या बदलाच्या फेऱ्यात आलेली होती. लोकांच्या याद्या बदल करताना वापरलेल्या नव्हत्या, तरीही यंत्राचा आणि माणसांचा निवाडा बराच जुळला. इतके असूनही शोधाच्या पानावरील ही सोय २०१३ मध्ये बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने भारतात आवडीची वृत्तस्थळे निवडण्याची सोय आणली, पण ती हवे ते जवळ आणण्याची आहे, नको ते दूर करण्याची नव्हे.

आज काय करता येईल? एकाच शोधापुरते हवे असेल तर शोधशब्दांनंतर एक जागा सोडून उणे चिन्ह द्यावे, त्याला लागून इंग्रजीत 'साइट' हा शब्द, मग विसर्गासारखी दोन टिंबे आणि संकेतस्थळाचे नाव, मध्ये कुठेही जागा न सोडता. कायमचे हवे असेल तर 'यूब्लॅकलिस्ट' नावाचे मोफत एक्स्टेन्शन आहे. ते जोडले की प्रत्येक निकालाजवळ ते संकेतस्थळ ब्लॉक करण्याचा पर्याय दिसतो. कागी नावाच्या शोधयंत्रात ही सोय मुळातच आहे, परंतु ते पैसे भरून वापरावे लागते. आपल्या शाळेला त्याची गरज नाही, असे आमचे मत.

या दोन उपायांत एक फरक आहे. उणे चिन्ह दिले की शोधयंत्र स्वतःच ते संकेतस्थळ सोडून यादी करते, त्यामुळे त्या जागी दुसरे येते. एक्स्टेन्शन मात्र तयार यादी हाती आल्यावर त्यावर पडदा टाकते. दहांतील तीन झाकले तर सातच उरतात. ही यादी ज्या ब्राउझरमध्ये केली त्यातच चालते. शाळेत ब्लॉक केलेले घरी तसेच दिसणार, दोन्हीकडे याद्या जोडून घेतल्या नाहीत तर. शिवाय शोधाच्या माथ्यावर आता यंत्राने लिहिलेला सारांश येतो, त्यावर आपल्या यादीचा अंमल नाही. नको असलेले संकेतस्थळ दारातून घालवले तरी त्या खिडकीतून ते आत येऊ शकते.

आता जरा कठीण भाग. कोणाला ब्लॉक करावे? राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानाचा दिवस काही ग्रंथांत १७ जून १८५८ आहे, काहींत १८ जून. आमच्या पाठ्यपुस्तकात होता त्यापेक्षा वेगळा दिवस दिला म्हणून एखादे संकेतस्थळ ब्लॉक करणे म्हणजे एका साक्षीदाराला न ऐकता न्यायालयाबाहेर काढणे. जुन्या नोंदींतच तिथे मतभेद आहे. मानसिंहांची गोष्ट तशी नाही, तिथे दगडच बोलतो. आमची सूचना अशी की, ब्लॉक करण्यापूर्वी निदान दोन पाने नीट वाचावीत आणि कारण एका ओळीत लिहावे. कारण सुचत नसेल तर ब्लॉक करू नये.

मागील बैठकीत एका विश्वस्तांनी सुचवले की, अशी एक यादी करून ती सर्वच संगणकांवर एकदम लागू करावी. त्यामागील काळजी आम्ही समजतो. अश्लील व जुगाराची संकेतस्थळे शाळेने बंद ठेवलीच पाहिजेत, ती आपण ठेवतोही. परंतु चुकीचे आणि निरुपयोगी कोणते, हे मुलांऐवजी आम्ही ठरवू लागलो, तर मानसिंह तोमर लिहिणाऱ्या संकेतस्थळाला पहिली मान्यता आमच्याच कार्यालयातून मिळाली असती. दोन गुण आम्हीच कापले होते ना!

म्हणून संगणक कक्षात एक वही ठेवली आहे. त्यात दिनांक, संकेतस्थळ, काय वाचले आणि ब्लॉक करण्याचे कारण, असे रकाने आहेत. घरी पालकांनीही मुलांबरोबर बसून अशी वही करावी, ही विनंती. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे रकान्यांच्या मथळ्यांत काही अशुद्धे राहिली होती. ती मुलांनीच लाल शाईने दुरुस्त केली.)

वहीतील पहिली नोंद त्याच मुलीची आहे. दुसरीही तिचीच, आठवड्यानंतरची : हिंदीतून शोध घेतला असता तोच मजकूर, तोच चुकलेला 'शिलालेख', वेगळ्या नावाच्या संकेतस्थळावर मिळाला. तेही ब्लॉक केले, आणि खाली तिने लिहिले आहे, "अजून असतील."