डोळे मिटलेले, नाक जागे

प्रश्न : मिहानमध्ये सोसायटीच्या मागे कुत्री व्यायली आहे. पिल्लांचे डोळे उघडलेले नाहीत, तरी ती आईला बरोबर हुडकतात. हे त्यांना कोण शिकवते?

उत्तर : नाक आणि मेंदूतले एक रसायन. यावरचा खोल अभ्यास मात्र कुत्र्यांपेक्षा प्रयोगशाळेतल्या उंदरांवर झाला आहे.

आई पिल्लाला चाटते, तेव्हा लोकस सेरुलियस हे मेंदूतले इवलेसे केंद्र नॉरएपिनेफ्रिन हे रसायन सोडते. मोठ्या प्राण्यांत हा स्राव लगेच आवरला जातो. पिल्लांत तो लगाम कच्चा असतो, म्हणून गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास हाताळणाऱ्या भागात, रसायन भरपूर पोहोचते आणि त्या क्षणीचा वास पक्का होतो. पुदिन्याचा वास देत ब्रशने कुरवाळले, तर पिल्लू पुढे पुदिन्याकडेच वळते. प्रोप्रॅनोलॉल या औषधाने रसायनाचा परिणाम रोखला, की ते शिकणेच होत नाही.

सगळ्यात चक्रावणारा निष्कर्ष मेंदूशास्त्रज्ञ रेजिना सलिव्हन यांच्या चमूने २००० मध्ये मांडला. वासाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला, तरी लहानगी पिल्ले त्याच वासाकडे ओढली गेली! मेंदूतला भीती शिकणारा भाग, अमिग्डाला, तेव्हा या कामात उतरलेलाच नसतो. जन्मानंतर साधारण दहाव्या दिवसापासून पिल्लू असा वास टाळू लागते. कॉर्टिकोस्टेरॉन हे तणावाचे संप्रेरक टोचले, तर आणखी आधी. पण आई जवळ असेल, तर या संप्रेरकाची पातळी वाढत नाही आणि ओढ साधारण पंधराव्या दिवसापर्यंत टिकते. असहाय पिल्लाला आई, तापट का असेना, सोडणे परवडणारे नसते.

माणसाच्या बाळातही नाक लवकर कामाला लागते : १९७५ च्या एका अभ्यासात सहा दिवसांची बाळे स्वतःच्या आईच्या दुधाच्या वासाकडे अधिक वळली.