अंतरीच्या उजेडाचं गाणं
(कुटुंबात बसून वाचायचा अभ्यासपाठ)

 

गेल्या गुरुपौर्णिमेला आपल्या बालाघाटच्या सत्संगात एक मुलगा गिटार घेऊन आला होता. गुरुमाऊलींवर त्याने स्वतः गाणं बांधलं होतं. आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याला दारातच सांगितलं, "बाळा, इथे पेटी, तबला, टाळ चालतात. हे रॉक-बिक घरी." गाणं कोणी ऐकलंच नाही. पोरगं काही बोललं नाही. मागे जाऊन बसलं, आणि तेव्हापासून येत नाही. आई येते. विचारलं तर म्हणते, "अभ्यास असतो त्याचा."

त्यावरून बऱ्याच घरांत चर्चा झाली. म्हणून या वेळी अभ्यासाला एक गाणंच घेतलं आहे. शांतपणे वाचावं.

*गाणं कोणतं?*
इंग्लंडच्या बीटल्स या रॉक बँडमधले जॉर्ज हॅरिसन यांचं 'द इनर लाइट', म्हणजे अंतरीचा उजेड. साल 1968. त्या काळात काही रॉकवाले नाचाच्या गाण्यांपलीकडे जाऊन दुसऱ्या देशांची वाद्यं आणि तत्त्वविचार आपल्या गाण्यात आणत होते. त्या वाटेला आर्ट रॉक म्हणतात. गंमत बघा, रॉक बँडच्या या गाण्यात गिटारही नाही आणि ड्रमही नाही. सगळा वाद्यमेळ आपला आहे, आणि तो वाजला मुंबईत.

*शब्द कुठून आले?*
1967 मध्ये हॅरिसन आणि जॉन लेनन इंग्लंडच्या टीव्हीवर ध्यानाबद्दल बोलले. त्यानंतर हुआन मास्कारो या संस्कृतच्या अध्यापकांनी हॅरिसन यांना पत्र लिहिलं. मास्कारो यांनी गीता आणि उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला होता. त्यांनी अनेक धर्मांतल्या वचनांचा आपला संग्रह पाठवला आणि सुचवलं, की 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथातल्या 47 व्या अध्यायाला चाल लावून बघा. त्या अध्यायाचं सार असं, की खरं ज्ञान पायपीट करून मिळत नाही, ते आतच आहे.

इथे थोडं थांबू या. गीतेचा अनुवादक माणूस, पण पुढे केलं चिनी संताचं वचन. माझंच घ्या, असा हट्ट नाही.

*सूर कुठे लागले?*
जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत करायला मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आले होते. खाली ऑफिसं आणि वर स्टुडिओ. बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती. साडेपाचला ऑफिसं सुटली, की जिन्यावर पावलं वाजायची आणि रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं. स्टिरिओ मशीनही नव्हतं. ते भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. त्याच दिवसांत या गाण्याचं वाद्यसंगीत झालं. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, सोबत पखवाज आणि हार्मोनियम. शब्द अजून त्यावर चढले नव्हते. पुढे ते गाणं जगभर गेलं, पण रेकॉर्डवर या वादकांची नावं छापलेली नव्हती.

फेब्रुवारीत लंडनला गायची वेळ आली, तेव्हा हॅरिसनच अडखळले. आपल्याकडून याला न्याय मिळेल का, अशी शंका त्यांना वाटली. साथीदारांनी धीर दिला तेव्हा गायले. 15 मार्च 1968 ला रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूला पॉल मॅकार्टनी यांचं 'लेडी मॅडोना', मागच्या बाजूला हे. बीटल्सच्या सिंगल रेकॉर्डवर हॅरिसन यांचं हे पहिलंच गाणं, आणि तेही मागे. त्या दिवशी ते कुठे होते? ऋषिकेशला, महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यानाला बसलेले.

29 नोव्हेंबर 2002 ला, हॅरिसन यांच्या पहिल्या पुण्यतिथीला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांच्या आठवणीत मोठी मैफल झाली. मागच्या बाजूचं हे गाणं तिथे गायलं गेलं, सतारीवर अनुष्का शंकर.

*एक शंका*
कोणी म्हणेल, सगळं आतच आहे म्हणणारा माणूस इंग्लंडहून मुंबईला कशाला आला? हीच शंका आपल्यालाही विचारतात ना, देव हृदयात आहे तर दर गुरुवारी सत्संगाला कशाला जाता? उत्तर एकच. उजेड आतला खरा, पण दिव्याची काजळी पुसायला दुसऱ्याचा हात लागतो. हॅरिसन यांना मास्कारोंचं पत्र लागलं, मुंबईच्या वादकांची साथ लागली, गाताना मित्रांचा धीर लागला. एकट्याने ते गाणं झालं नसतं.

*आम्ही काय शिकलो?*
गाणं भक्तीचं आहे की नाही, हे वाद्यावरून ठरत नाही. आपली पेटीसुद्धा मुळात परदेशातूनच आली, आज ती नसली तर भजन सुनं वाटतं. बघायचं ते हे, की करणारा माणूस त्यात लहान झाला की मोठा. या गाण्यात सुचवणारा मागे राहिला, वाजवणारे मागे राहिले, गाणारा संकोचला. मग उजेड दिसला.

आणि गुरुपौर्णिमेला आपल्या दारात कोण मोठं झालं होतं? गिटारवाला पोरगा नव्हे. आम्ही. त्याला धीर द्यायची आमची पाळी होती आणि आम्ही दार अडवून उभे राहिलो. न ऐकता निकाल दिला, ही आमची चूक. गाणं कदाचित कच्चं असेल, पण ते ऐकल्यावरच कळलं असतं.

येत्या गुरुवारी आम्ही दोघं-तिघं त्याच्या घरी जाऊ. गिटार घेऊन चल म्हणून सांगू. येईल की नाही, हे त्याच्यावर. जाणं आमचं काम.

*या आठवड्यात घरी बोलावं:*
1️⃣ आपल्या घरात कोणाचं म्हणणं न ऐकताच आपण नको म्हटलं?
2️⃣ जिथे आपलं नाव येणार नाही, अशी कोणती सेवा या आठवड्यात करता येईल?
3️⃣ रोज पाच मिनिटं सगळ्यांनी मोबाईल बाजूला ठेवून डोळे मिटून बसावं. लहानांनाही सोबत घ्यावं.

🪔 जय गुरुदेव!