ही नोकरी तुम्हांस कां हवी ?

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या परीक्षेंत प्रश्न छापलेले असतात, वेळ ठरलेली असते आणि उत्तर चुकलें तर गुण जातात, एवढेंच. परंतु शाळा सुटल्यानंतर एक परीक्षा अशी येते कीं, तींत प्रश्न तोंडी विचारतात, विचार करावयास चार श्वासांचा अवकाश मिळतो, आणि उत्तरावर घराची चूल अवलंबून असते. त्या परीक्षेंतील एक प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो : "ही नोकरी तुम्हांस कां हवी ?" दिसावयास हा प्रश्न इतका सोपा आहे कीं, त्याची तयारी कोणी करीत नाहीं, आणि उत्तर द्यावयास इतका अवघड आहे कीं, पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेले तरुणही त्यापुढें अडखळतात. प्रस्तुत पाठांत त्याच प्रश्नाचा विचार करूं.

केंद्र सरकारनें 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या भरतींतून मुलाखत काढून टाकली, हें खरें. तथापि खासगी शाळा, दवाखाने, पेढ्या, कारखाने यांच्या दारांत ती अजून उभीच आहे. आणि संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत एकंदर 2025 गुणांपैकीं 275 गुण मुलाखतीचे असतात. तेव्हां आज ना उद्यां तुमच्यापैकीं पुष्कळांस त्या खुर्चीवर बसावयाचें आहे.

प्रथम माझी स्वतःची फजिती सांगतों. पदवी घेऊन मी पहिल्या मुलाखतीस अमरावतीहून निघालों, तेव्हां अंगावरचा सदरा नवा होता व त्याचे पैसे वडिलांनीं उसने आणले होते. शाळेचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. समोरच्या वृद्ध गृहस्थांनीं वरील प्रश्न विचारतांच मीं पाठ केलेलें उत्तर म्हणून दाखविलें : शिक्षण हें पवित्र कार्य आहे, मुलें हें राष्ट्राचें धन आहे, मला समाजाची सेवा करावयाची आहे, इत्यादि. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "गेल्या वर्षांत आपण कोणत्या मुलाला काय शिकविलें ?" मी गप्प बसलों. वस्तुतः शेजारच्या एका मुलाला मीं सगळा उन्हाळा भागाकार शिकविला होता. भाग कोठें बसतो हें त्याला कळलें त्या दिवशीं तो पाटी घेऊन गल्लीभर धांवला होता. पण एवढी लहान गोष्ट अशा मोठ्या ठिकाणीं कशी सांगावी, असें मला वाटलें. खरें उत्तर माझ्या खिशांत होतें, आणि मी उसन्या उत्तरावर निर्वाह करीत होतों ! ती जागा मला मिळाली नाहीं. परतीच्या गाडींत बडनेरा येईपर्यंत मला भागाकाराचीच आठवण होत होती.

आतां आपण व्याकरणाच्या तासाप्रमाणें त्या प्रश्नाची फोड करूं. वाक्य लहान आहे, परंतु त्यांतील प्रत्येक शब्द काम करितो.

पहिला शब्द 'ही'. बहुतेक उमेदवार हा शब्द ऐकतच नाहींत. 'नोकरी कां हवी ?' असें विचारलें असें समजून ते घरची अडचण सांगूं लागतात. विचारणाऱ्यास मात्र हें हवें असतें कीं, शंभर नोकऱ्यांतून आपण ह्याच दारांत कां उभे राहिलां. ह्याचें उत्तर त्या कामाची माहिती असल्यावांचून देतां येत नाहीं. अकोल्याच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरींत कारकुनाची जागा असेल, तर कापसापासून रुई व सरकी निराळी कशी होते, कापसाच्या वजनाच्या सुमारें तृतीयांश रुई निघते, आणि तिची गाठ 170 किलोंची बांधतात, एवढें तरी त्या उमेदवारास ठाऊक हवें. अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत जागा मागावयाची असेल, तर 1969 सालीं स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठास ज्यांचें नांव आहे ते पंजाबराव देशमुख आपल्या अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवचे, श्रीशिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक आणि भारताचे कृषिमंत्री होते, हें न कळतां जाणें शोभणार नाहीं. ही माहिती संस्थेची स्तुति करण्यासाठीं नव्हे. "आपली संस्था फार थोर आहे" ह्या वाक्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. ती आपली आपल्याला कामाची ओळख व्हावी म्हणून.

दुसरा शब्द 'नोकरी'. नोकरी म्हणजे वेतन, हें अर्धे सत्य आहे. ठरलेल्या वेळीं, ठरलेलें काम, कंटाळा आला तरीही करणें, हें उरलेलें अर्धे. विचारणाराच्या मनांत अशी शंका असते कीं, हा मनुष्य कामांत तरबेज होईल आणि तीन महिन्यांत निघून जाईल काय ? म्हणून आपण टिकणार कां, ह्याचें उत्तर ह्या शब्दांत दडलेलें आहे.

तिसरा शब्द 'तुम्हांस'. येथें आपल्या आवडीचा, अभ्यासाचा आणि अनुभवाचा प्रश्न येतो. "मी मेहनती व प्रामाणिक आहें" असें सर्वच म्हणतात, चोरही म्हणेल. परंतु "मीं दोन वर्षें वडिलांच्या दुकानाची उधारीची वही लिहिली" हें ज्यानें लिहिली तोच म्हणूं शकतो. गुणाचें नांव सांगूं नका. त्या गुणाचा पुरावा होईल अशी घडलेली गोष्ट सांगा. गोष्ट लहान असली तरी चालते. माझ्या फजितीपासून मीं शिकलों तें हेंच.

आणि शेवटचा शब्द 'कां'. तो कारण विचारतो. "वडील म्हणाले म्हणून अर्ज केला," "मित्र आला म्हणून मीही आलों," हीं कारणें दुसऱ्याचीं झालीं. स्वतःचें कारण शोधावें लागतें, आणि तें मुलाखतीच्या आदल्या रात्रीं सांपडत नाहीं.

असें स्वतःचें कारण ज्यांस विद्यार्थिदशेंतच सांपडलें होतें, अशा एका थोर पुरुषाचें उदाहरण आपल्या वऱ्हाडाशीं जोडलेलें आहे. गोपाळ गणेश आगरकर 1856 सालीं कऱ्हाडजवळील टेंभू येथें गरीब घरांत जन्मले. शिक्षणासाठीं वणवण करीत ते अकोल्यास आले. तेथें त्यांस विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले, आणि 1875 सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकत असतां एकच सदरा रात्रीं धुऊन सकाळीं घालीत, असें सांगतात. एम. ए. ची परीक्षा जवळ आली, तेव्हां त्यांनीं आपल्या आईस एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आतां मोठ्या पगाराची जागा मिळेल, अशी आशा तूं धरूं नकोस. पोटापुरतें मिळवून मी समाधान मानीन आणि उरलेला सर्व वेळ लोकांच्या हितासाठीं वेंचीन. त्याप्रमाणें ते 1880 सालीं निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक झाले, 1892 सालीं फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि 1895 सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, निधन पावले.

ह्या पत्राकडे आपल्या प्रश्नाचें उत्तर म्हणून पाहा. त्यांत पोटाची गोष्ट लपविलेली नाहीं. 'पोटापुरतें' हा शब्द स्पष्ट आहे. काय सोडावयाचें हेंही स्पष्ट आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, तें उत्तर कोणा परीक्षकास खूष करण्यासाठीं दिलेलें नसून, ज्या माउलीस त्याची झळ लागावयाची होती तिलाच दिलेलें आहे. सेवेचे शब्द मींही माझ्या मुलाखतींत उच्चारले होते, आगरकरांनींही पत्रांत लिहिले. परंतु माझ्या शब्दांमागें कांहीं नव्हतें आणि त्यांच्या शब्दांमागें सर्व आयुष्य उभें राहिलें. प्रत्येकानें आगरकरांचेंच उत्तर द्यावें असें मी म्हणत नाहीं. तसें जगावयाचें नसतां तसें बोलणें हें असत्य होय. आपलें उत्तर आपल्या मापाचें असावें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमची एक माजी विद्यार्थिनी मुलाखतीच्या आधीं मजकडे आली. तिचे वडील कापसाच्या बाजारांत हमाली करीत. ती खालीं मान घालून म्हणाली, "सर, बाबांच्यानं आतां गाठोडं उचलवत नाहीं. हें तिथं सांगूं कीं नको ? सांगितलं तर भीक मागितल्यासारखं वाटतं, नाहीं सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं."

मित्रहो, ह्या मुलीच्या प्रश्नांत सगळा पाठ आला आहे. मीं तिला म्हटलें, "बाई, गरज ही लाज नव्हे, पण गरज हें अर्धेंच उत्तर आहे. तुला कोणती तरी नोकरी कां हवी, हें त्यानें कळेल; हीच कां हवी, हें कळणार नाहीं. म्हणून आधीं कामाचें सांग, मग स्वतःचें सांग, आणि शेवटीं घरचें एका वाक्यांत, मान वर करून सांग." मग आम्हीं दोघांनीं बसून तिच्याच आयुष्यांतून उत्तर काढलें. तें साधारण असें झालें :

"मी लहानपणापासून बाजारांत बाबांची न्याहारी घेऊन जात असें. काट्यावरचें वजन आणि हिशेबपट्टीवरचा आंकडा जुळला नाहीं, तर शेतकऱ्याची सगळी संध्याकाळ कशी जाते, हें मीं पाहिलें आहे. आंकडे जुळविणें मला आवडतें. बारावीस हिशेबाचा विषय होता, आणि संगणकावर हिशेब लिहिण्याचा अभ्यास मीं सहा महिने केला आहे. यंत्रांची माहिती मला नाहीं. ती शिकावी लागेल. घरीं मिळवतें माणूस होण्याची मला गरज आहे, म्हणून मी हें काम अर्धवट सोडणार नाहीं."

ह्या उत्तरास एक मिनिटही लागत नाहीं. त्यांत 'ही', 'नोकरी', 'तुम्हांस' व 'कां' ह्या चारही शब्दांचें उत्तर आहे. जें येत नाहीं तें येत नाहीं म्हणून सांगितलें आहे, त्यामुळें जें येतें त्यावर विश्वास बसतो. आणि जी गरज तिला लाजेची वाटत होती, तीच तिच्या चिकाटीची हमी झाली. कथा रंगवावयाची असती, तर तिला ती जागा तत्काळ मिळाली असें लिहिलें असतें. तसें झालें नाहीं; तेथें अधिक अनुभवी मनुष्य निवडला गेला. दोन महिन्यांनीं दुसऱ्या एका फॅक्टरींत तिची निवड झाली. परंतु पहिल्या ठिकाणाहून परत आली तेव्हांच ती म्हणाली होती, "सर, ह्या वेळीं मला रडूं आलं नाहीं." चांगल्या उत्तराचें पहिलें फळ नोकरी हें नसून हें आहे, असें मी समजतों.

कोणी म्हणेल, हा सर्व दिखाऊपणा आहे. सगळे पगारासाठींच काम करितात, हें विचारणारासही माहीत असतें. होय, माहीत असतें. म्हणूनच तो पगाराविषयीं विचारीत नाहीं. पगार जेथें सारखा आहे तेथेंही एक कारकून कागद नीट लावून ठेवितो आणि दुसरा फेकून देतो. एक परिचारिका रुग्णाचें नांव लक्षांत ठेविते आणि दुसरी खाटेचा क्रमांक. हा फरक ज्या कारणानें पडतो तें कारण त्याला ऐकावयाचें असतें.

आतां पालकांस दोन शब्द. मुलामुलींस पाठ करावयास उत्तरें लिहून देऊं नका. घोकलेलें उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कोसळतें. ओळखीची चिठ्ठी देऊन पाठवूं नका. कारण चिठ्ठीनें जागा मिळाली तरी 'मला ही कां मिळाली' ह्या प्रश्नाचें उत्तर मुलास आयुष्यभर लाजविणारें होतें. त्यापेक्षां आपण स्वतः काय काम करितां, तें कसें करितां, त्यांत काय अवघड आहे, हें रात्रीं जेवतांना त्यांस सांगत चला. घरची अडचणही लपवूं नका. ज्या मुलास घरचा हिशेब ठाऊक असतो, त्यास परक्यासमोर बोलतांना धीर असतो.

विद्यार्थ्यांनीं पुढील सुटींत एवढा अभ्यास करावा. एक : आपल्या गांवांतील कोणतेंही एक काम, मग तें टपालवाल्याचें असो वा औषधें विकणाऱ्याचें, एक दिवस जवळून पाहून त्याविषयीं दहा ओळी लिहाव्या. दोन : गेल्या वर्षांत आपण स्वतःहून, कोणी न सांगतां, शेवटास नेलेलें एक काम आठवून लिहावें. तीन : हीं दोन्हीं लिखाणें शेजारीं ठेवून 'हें काम मला कां हवें' ह्याचें उत्तर पांच वाक्यांत द्यावें, आणि जें वाक्य वर्गांतील दुसऱ्या कोणासही तसेंच म्हणतां येईल, तें खोडून टाकावें. जें उरेल तें तुमचें उत्तर. पहिल्या वेळीं कदाचित् कांहींच उरणार नाहीं. तरी खिन्न होऊं नका. अजून सुटी शिल्लक आहे, आणि शेजारीं भागाकार न येणारा एखादा मुलगा असेलच.