सैन्यं वेगळी, तरी सामना बरोबरीचा?

प्रश्न : स्टारक्राफ्ट हा जुना गेम मी नुकताच खेळायला घेतला. बुद्धिबळात दोन्हीकडे सारखीच सोळा मोहरी असतात, म्हणून डाव न्यायाचा वाटतो. इथे टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन सैन्यांत एकही शिपाई दुसऱ्यासारखा नाही. आमच्या बिल्डिंगमधला मित्र झर्ग घेतो आणि पाचव्या मिनिटाला माझा निकाल लावतो. मग हा गेम बरोबरीचा कसा? आणि मी कोणतं सैन्य घ्यावं?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : शंका रास्त आहे. स्टारक्राफ्टच्या आधीचे या जातीचे बहुतेक गेम तुमच्याच मताचे होते. १९९२च्या 'ड्यून टू'मधली तीन घराणी थोड्याफार फरकाने एकाच साच्यातली. १९९५च्या 'वॉरक्राफ्ट टू'मध्ये माणसांचा पायदळी शिपाई आणि ऑर्कांचा शिपाई यांच्यात नाव आणि चेहरा सोडला तर फरक शोधावा लागे. त्याच ब्लिझर्ड कंपनीने १९९६ साली स्टारक्राफ्टची पहिली झलक दाखवली, तेव्हा 'हे तर अंतराळातले ऑर्क' म्हणून त्याची टर उडवली गेली. कंपनीने मग गेमची मोडतोड करून तो जवळजवळ नव्याने उभा केला आणि ३१ मार्च १९९८ला बाजारात आणला.

आता जमाखर्च पाहू. हातात १०० खनिजं आहेत असं धरा. प्रोटॉसला त्यात एक झीलट मिळतो : १०० जीव आणि वर ६०चं कवच. टेरनला दोन मरीन मिळतात : जीव प्रत्येकी ४०, पण मारा लांबून. झर्गला चार झर्गलिंग : प्रत्येकी ३५ जीव आणि पळायला चपळ. सैन्याची कमाल मर्यादा २००. तिच्यात झीलट दोन जागा अडवतो, मरीन एक आणि झर्गलिंग अर्धी. म्हणजे तिन्हीकडे १०० खनिजं गेली आणि जागाही दोनच भरल्या. तुम्हाला हवी असलेली बरोबरी इथे, वहीत आहे. मैदानात ती ठेवलेली नाही आणि ते बरंच झालं.

मोकळ्या जागेत ते चार झर्गलिंग झीलटला चहूबाजूंनी घेरून चावे घेतात. तोच झीलट चिंचोळ्या चढणीच्या तोंडाशी उभा राहिला, तर एक-दोघांचेच दात त्याच्यापर्यंत पोचतात आणि मागचे ताटकळत राहतात. पैसे तेवढेच, शिपाई तेच, निकाल मात्र उलटा. म्हणून या गेममध्ये नकाशा हाच तिसरा भिडू असतो. मैदान रुंद केलं की झर्गला मोकळं रान मिळतं. वाटा अरुंद केल्या की बंदिस्त बचाव करणाऱ्या टेरनचं फावतं. २००१च्या सुधारणेनंतर कंपनीने मूळ गेममधल्या ताकदीच्या आकड्यांना हातच लावला नाही. पुढची कित्येक वर्षं दक्षिण कोरियात टीव्हीवर व्यावसायिक सामने रंगले, तेव्हा एखादं सैन्य फार जिंकू लागलं तर आयोजक नकाशे बदलत. खेळाचे नियम न बदलता काटा सरळ करण्याची ही युक्ती मला आकड्यांच्या हिशेबापेक्षा जास्त हुशारीची वाटते.

तरीही पूर्ण बरोबरी नाहीच. टेरन झर्गला थोडा भारी, झर्ग प्रोटॉसला आणि प्रोटॉस टेरनला, असं जाणकार मानतात. तिघांचं हे चक्र आहे म्हणूनच कोणी एक कायमचा डोक्यावर बसत नाही.

आता तुमच्या मित्राकडे वळू. झर्गच्या तळावर अळ्या तयार होतात, एका वेळी जास्तीत जास्त तीन साठतात, आणि त्याच अळीतून एक तर कामगार निघतो किंवा लढवय्ये. टेरनला ही अडचण नाही. त्याच्या मुख्य तळावर कामगार आणि शेजारच्या बराकीत मरीन एकाच वेळी तयार होतात. शिवाय झर्गचा कामगार इमारत बांधायला गेला की स्वतःच इमारत होऊन बसतो, परत येत नाही. तेव्हा पाचव्या मिनिटाला झुंड घेऊन येणाऱ्याने कामगारांच्या वाटच्या अळ्या लढाईत घातल्या आहेत. त्याच्या घरात चूल पेटायची मारामार आहे. तो हल्ला परतवला की पुढची दहा मिनिटं तुमची.

परतवायचा कसा? सुरुवातीलाच एक कामगार त्याच्या तळाकडे टेहळणीला पाठवा. टेरन घेतला असेल तर बराक आणि पुरवठा डेपो चढणीच्या तोंडाशी असे बांधा की वाट बंद होईल, आणि मरीन मागे उभे करा. डेपो तुम्हाला नाही तरी बांधावाच लागतो. तो तळाच्या कोपऱ्यात लपवण्यात काय हशील?

सैन्याचं म्हणाल तर प्रोटॉसपासून सुरुवात करा. शिपाई महाग, पण मोजके आणि टिकाऊ, त्यामुळे नवख्याच्या बोटांना झेपतात. जुन्या गेममध्ये एका वेळी १२च शिपाई निवडता येतात. चाळीस झर्गलिंग हाकायचे म्हणजे चार तुकड्या सांभाळणं आलं. प्रोटॉसचा कामगार इमारतीची खूण करून लगेच खनिजांकडे परततो, तोही फायदा. फक्त एक पथ्य पाळा : बहुतेक इमारतींना पायलॉनची वीज लागते, म्हणून सगळा तळ एकाच पायलॉनच्या भरवशावर ठेवू नका. मित्र आधी तोच फोडेल.