जुन्या जीप-पिकअपची पुढची बाजू : रचना, दुरुस्ती आणि हिशेब

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

प्रास्ताविक

औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद या सीमेवरील तालुक्यांत बाजाराच्या दिवशी उभे राहिले, तर नव्या गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी महिंद्र जीप हमखास दिसते. मागची आसने काढून तिच्यावर लोखंडी हौदा बसवलेला असतो. सकाळी तुरीची पोती, दुपारी खताच्या गोण्या आणि संध्याकाळी गावी परतणारी माणसे, असे तिचे वेळापत्रक असते. इंजिन जुने झाले तर गाडी धूर सोडते, चढ चढत नाही. मालकाला ते लगेच कळते. पुढचे पाटे आणि स्टिअरिंग यांची झीज मात्र गुपचूप होते. चालकाच्या हाताला तिची सवय होत जाते आणि ज्या दिवशी ती कळते, तो दिवस बहुधा चांगला नसतो.

उन्हाळी सुटीत आमच्या भागातील एका गॅरेजात अशा एका गाडीची पुढची बाजू पूर्ण उघडून पुन्हा जोडताना मला पाहावयास मिळाली. प्रस्तुत लेखात त्या कामाची रचना, त्याचा क्रम आणि वाणिज्य शाखेच्या दृष्टीने त्याचा हिशेब, या तीन बाबींचा विचार करावयाचा आहे.

१. गाडीची पूर्वपीठिका

१९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपगाड्या प्रथम सुट्या भागांतून जोडणे आणि पुढे येथेच बनवणे, हे या कंपनीचे सुरुवातीचे मोठे काम होय. विलीजने सीजे-३बी हा नमुना १९५३ साली काढला. अमेरिकेत तो १९६८ साली बंद झाला. भारतात मात्र त्याच घराण्यातील गाड्या त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिल्या. म्हणूनच या गाडीचे पुढचे भाग आजही मिळतात आणि ते ओळखणारे मिस्त्रीही भेटतात. दुरुस्ती शक्य आहे की नाही, हा प्रश्न पुष्कळदा यंत्रशास्त्राचा नसून बाजाराचा असतो. जीपच्या बाबतीत बाजार अनुकूल आहे.

२. रचना

पुढच्या बाजूचे दोन विभाग मानावेत : भार पेलणारा आणि दिशा देणारा.

भार पेलणारा विभाग म्हणजे सलग एक्सल आणि त्यावरील दोन पाटे. पाट्याचे मागचे टोक एका बोल्टाने चासीला जखडलेले असते, तर पुढचे टोक शॅकल नावाच्या कडीतून लोंबते. ओझे आले की पाट्याचा बाक कमी होतो, म्हणजेच त्याची लांबी वाढते. ही वाढलेली लांबी सामावून घेण्यासाठी शॅकल झुलतो. पाटा एक्सलला यू-बोल्टांनी आवळलेला असतो आणि मधला सेंटर बोल्ट एक्सलची जागा पक्की करतो. हा बोल्ट तुटला तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते.

दिशा देणारा विभाग लांबलचक साखळीसारखा आहे. स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या पेटीत आटे पाडलेला कॅम असतो. त्याच्या खाचेत दोन खुंट्यांचा लिव्हर फिरतो. लिव्हरला जोडलेला ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक ढकलतो, ड्रॅग लिंक चासीच्या पुढील आडव्या पट्टीवरील बेलक्रँक फिरवते आणि बेलक्रँकपासून दोन टाय रॉड डाव्या-उजव्या चाकांच्या नकलकडे जातात. नकल वर-खाली अशा दोन किंगपिनांवर वळतो. या पिनांना निमुळत्या रोलरांची बेअरिंगे असतात. अशा बेअरिंगचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली घेतले.

वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, कारण त्याला लहान वर्तुळ कापावयाचे असते. ही युक्ती घोडागाड्यांच्या काळातील आहे. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडीकाराने ती १८१७ साली शोधली आणि लंडनच्या आकरमान यांनी १८१८ साली तिचे पेटंट घेतले. जीपच्या नकलच्या भुजा तिरक्या असतात, त्यामागे हेच कारण आहे. टाय रॉड दगडाला लागून वाकला, तर हे सारे गणित बिघडते.

३. झिजेची बेरीज

मालकाची नेहमीची तक्रार अशी असते : “एवढ्यात तर टाय रॉडचा एंड बदलला, तरी गाडी डोलतेच!” याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. ड्रॅग लिंकची दोन टोके, बेलक्रँकचे बेअरिंग आणि टाय रॉडची दोन टोके असे एका चाकापर्यंत पाच सांधे होतात. समजा, प्रत्येकात अर्धा मिलीमीटर ढिलाई आहे. एकेक सांधा हाताने हलवून पाहिला तर ‘चालेल’ असेच कोणीही म्हणेल. पण पाचांची मिळून ढिलाई अडीच मिलीमीटर होते. नकलची भुजा १५० मिलीमीटर धरली, तर चाक जवळजवळ एक अंश मोकळे होते. चाक एक अंश वळवण्यास स्टिअरिंग सुमारे चौदा अंश फिरवावे लागते असे धरले, तर स्टिअरिंगच्या कडेवर सुमारे पाच सेंटिमीटर फेरा फुकट जातो. पेटीतील आणि किंगपिनांतील झीज यात धरलेलीच नाही.

आपण ज्याला चक्रवाढ म्हणतो ती ही नव्हे. ही साधी बेरीजच आहे. परंतु बेरजेतील एकच रक्कम कमी करून एकूण आकडा फारसा उतरत नाही. एक एंड बदलून गाडी सुधारत नाही, ती याच कारणाने.

४. तपासणी

गाडी उघडण्यापूर्वी तपासणी व्हावी आणि तिची नोंद कागदावर असावी. पहिली पाहणी टायरातील हवेची. येथे भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. कन्नडमध्ये चाकाला ‘गालि’ आणि हवेला ‘गाळि’ म्हणतात. मराठी कानाला ल आणि ळ यांतील फरक कळतो हे खरे, पण गॅरेजच्या गोंगाटात ‘गालि’ काढायची की ‘गाळि’, हे पुन्हा विचारून घेतलेले बरे!

यानंतर चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगात आहे. राहिली तर किंगपिनात आहे. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचे दोष कळतात. शेवटी गाडी जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडेथोडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला जे कळते, ते पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या पाट्यांच्या खुणांमधील तिरकी अंतरेही मोजावीत. ती सारखी नसतील, तर चासीच वाकडी असण्याचा संभव असतो आणि मग पुढील सारे काम तिच्यापासून सुरू करावे लागते.

५. कामाचा क्रम

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. प्रत्येक पुढचे माप मागच्या मापावर उभे असते.

(अ) पाटे : पाने सुटी करून, घासून, तडा गेलेले पान बदलावे. बुश आणि शॅकल दोन्ही बाजूंचे एकदम नवे घालावेत. काही शॅकलांना डावे आटे असतात. ते न पाहता पाना लावला तर आटे मरतात. गाडी उंच व्हावी म्हणून पुढे लांब शॅकल बसवण्याची हौस पुष्कळांना असते. त्यामुळे एक्सल पुढच्या बाजूस झुकतो आणि किंगपिनचा मागे असलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. मूळ पुस्तकात तो ३ अंश दिला आहे. तो कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भटकते. पाट्याला लोहाराकडून तापवून बाक देणे हाही असाच फसवा उपाय आहे. तापवलेल्या पोलादाला योग्य पाणी दिले नाही तर पाटा लवकरच पुन्हा बसतो.

(आ) किंगपिन आणि चाकांची बेअरिंगे : बेअरिंग बदलताना त्याची बाहेरची वाटीही बदलावी. घट्टपणा पातळ शिमांनी साधतात. शिम वर आणि खाली सारख्या जाडीच्या घालाव्यात, म्हणजे नकल मध्यावर राहतो. नकलच्या भुजेला स्प्रिंगकाटा अडकवून ती किती वजनाला हलते हे पाहतात. भाजीबाजारातला काटा येथे यंत्रशास्त्राच्या सेवेत आलेला पाहून मौज वाटते. नमद्याचे सील बदलणे विसरू नये, नाहीतर आमच्या काळ्या मातीचा चिखल नवे बेअरिंग वर्षभरात खातो.

(इ) बेलक्रँक आणि दांड्या : बेलक्रँक पुढच्या बाजूस, चिखलाच्या अगदी तोंडाशी असतो, म्हणून त्याची पिन आणि बेअरिंग लवकर झिजतात. सर्व नटांना नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे, किंवा तुटलेली भुजा वेल्डिंग करून बसवणे, ही काटकसर कधीही करू नये.

(ई) स्टिअरिंगची पेटी : ती ड्रॅग लिंक सोडवून, स्टिअरिंग सरळ स्थितीत ठेवून आवळावी, कारण कॅमची खाच मध्यभागी सर्वांत घट्ट ठेवलेली असते. आवळल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कडेला अडकले तर खाचेचा मधला भाग झिजलेला आहे असे समजावे. तेथे आवळणे थांबवून नवा कॅम घालावा.

(उ) टो-इन : सर्वांत शेवटी. आधी बेलक्रँक सरळ ठेवून डावे चाक चासीशी समांतर करावे आणि मग उजव्या टाय रॉडने माप जमवावे. चाक उचलून फिरवीत टायरवर खडूचा पट्टा मारावा, त्यावर खिळ्याने रेघ ओढावी आणि दोन्ही रेघांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. पुढचे अंतर सुमारे १.२ ते २.४ मिलीमीटरने कमी असावे. बेअरिंगे ढिली असताना हे माप कितीही बरोबर आले, तरी पहिल्या खड्ड्यात ते खोटे ठरते.

६. हिशेब

टायरचा व्यास ७२० मिलीमीटर धरू. टो-इन २ मिलीमीटर असेल, तर प्रत्येक चाक आपल्या खऱ्या दिशेपासून ७२० त १ इतके तिरके असते, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १.४ मीटर आडवे घासते. तेच टो-इन १२ मिलीमीटर झाले, तर हे घासणे ८.३ मीटर होते. शंभर किलोमीटरच्या फेरीत पुढचे टायर ८०० मीटरहून अधिक आडवे फरफटले जातात. हे नुकसान खतावणीत ‘टायर खाते’ म्हणून दिसते. त्याचे मूळ मात्र टाय रॉडमध्ये असते. खर्च एका खात्यात आणि त्याचे कारण दुसऱ्याच ठिकाणी, ही गोष्ट परिव्ययशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा मुद्दा मजुरीचा. आज सीलसाठी नकल उघडला आणि तीन महिन्यांनी बेअरिंगसाठी पुन्हा उघडला, तर मजुरी दोनदा पडते आणि गाडीचा धंदा दोनदा बुडतो. उघडण्याची मजुरी हा सर्व भागांचा सामाईक खर्च असल्याने स्वस्त भाग त्याच वेळी बदलणे हिताचे ठरते. गाडीची मूळ क्षमता परत आणणारा हा खर्च सामान्यतः महसुली मानावा. मूळ गाडीत नसलेले पॉवर स्टिअरिंग नव्याने बसवले, तर तो भांडवली होईल.

तिसरा मुद्दा कायद्याचा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तपासणीपुरती पेटी आवळून आणणारे लोकही आहेत. पण दाखला कागदाला मिळतो. हौद्यात बसलेल्या माणसांना त्याचा आधार नसतो.

समारोप

मी पाहिलेल्या गाडीच्या मालकाने पहिल्या दिवशी विचारले होते, “अण्णा, यातले काय नाही बदलले तर चालेल?” मिस्त्रींनी त्यांना वाद घातला नाही. सगळे काढलेले भाग त्यांनी गोणपाटावर ओळीने मांडले आणि प्रत्येक सांधा मालकांच्या हातात देऊन हलवावयास सांगितले. पाचवा सांधा हातात आल्यावर मालकांनी स्वतःच यादी पुरी करावयास सांगितली. त्या हौद्यातून त्यांच्या घरचीच मुले आठवड्यातून दोनदा शाळेच्या गावी जात असत.

जुनी गाडी ठेवावी की मोडीत काढावी, याचे एकच उत्तर सर्वांना लागू होणार नाही. चासी वाकली असेल, भाग मिळत नसतील, तर मोडीत काढणेच शहाणपणाचे. परंतु ठेवावयाची असेल, तर पुढची बाजू पूर्ण आणि क्रमाने करावी. अर्धी केलेली दुरुस्ती पैसे वाचवीत नाही. ती खर्च पुढे ढकलते आणि मधल्या काळातील धोका मात्र चालकाबरोबर मागे बसलेल्यांच्या माथी मारते.