पगार झाला, आता बोलू या

मुलाला नोकरी लागली की पहिला पगार देवापुढे ठेवायचा, पेढे वाटायचे आणि पैशांचं बोलणं तिथेच मिटवायचं, ही आपली वडोदऱ्यातल्या मराठी घरांची रीत. त्यापुढचं तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमच्यातले कितीतरी जण कोयलीच्या रिफायनरीत, जीएसएफसीत नाहीतर बँकेत चिकटले ते थेट निवृत्तीपर्यंत. क्वार्टर होतं, पीएफ होता, महागाई भत्ता वाढत होता. ती फूटपट्टी मुलांना लावू नका. मकरपुरा जीआयडीसीत आज कित्येक पदवीधर अप्रेंटिस म्हणून आत शिरतात. 2019 च्या नियमांनी त्यांचं किमान विद्यावेतन ठरवलं महिना 9,000 रुपये. ‘आम्ही नाही का पहिल्या पगारात घर चालवलं?’ असं ऐकवण्याआधी त्या 9,000 मध्ये फतेगंजातली एक खाट, दोन वेळचा डबा आणि पेट्रोल बसवून बघा.

जो घरीच राहतो त्याची तऱ्हा उलटी. समजा पगार 25,000. कारेलीबागेतला फ्लॅट तुमचा, जेवण तुमचं, कपडे धुतलेले हातात. मग फोनचा हप्ता, गाडीचा हप्ता, शनिवारी मित्रांबरोबर बाहेर. ‘बडोद्यात काय, आरामात भागतं!’ असं तो म्हणतो. अहो, शहर नाही, तुम्ही स्वस्त पडताय त्याला!

तेव्हा घरखर्चाला त्याच्याकडून पैसे घ्या. ‘पोराकडून काय घ्यायचे, लोक काय म्हणतील’ हा संकोच सोडा. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ठरलेली हवी. त्याहून बरं म्हणजे एखादं बिलच त्याच्या गळ्यात घाला. विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. मे-जूनचा आकडा स्वतःच्या खात्यातून गेला की एसी चालू ठेवून खोलीचं दार सताड उघडं टाकणं आपोआप बंद होतं. मग पाइपच्या गॅसचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा वेरा. घेतलेले पैसे गुपचूप त्याच्याच नावावर आरडीत टाकणारे आईबाप असतात. पेन्शन असेल तर खुशाल टाका. नसेल, तर तुमच्या म्हातारपणाची शिल्लक किती आहे तेही एकदा त्याच्यापुढे मांडा.

मदत करूच नका, असं नाही. ती कशी करावी याचा धडा याच शहरात आहे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, ते तीन वर्षांसाठी आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. रक्कम, मुदत, अट सगळं आधीच ठरलेलं. पुण्या-बंगळुरूला निघालेल्या मुलाच्या डिपॉझिटला पैसे देताना निदान रक्कम आणि मुदत बोलून घ्या. ‘बाबांना सांगू नकोस हं’ म्हणत यूपीआयवरून दर महिन्याला सरकवलेल्या पाच हजारांना ना मुदत असते, ना हिशेब.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र मान खाली घालायला लावणारा. 1917 मध्ये आंबेडकर इथे नोकरीवर रुजू झाले तेव्हा हातात पगार असून डोक्यावर छप्पर मिळेना. पारशांच्या मुक्कामघरात पारशी नाव सांगून राहावं लागलं आणि तिथूनही त्यांना हाकललं गेलं. कमाटीबागेतली संकल्पभूमी त्याचीच आठवण. म्हणून मूल ‘खोली मिळत नाही’ म्हणालं की लगेच ‘थोडे जास्त मोज’ असं सांगू नका. घरमालक आडनाव विचारतो, ताटात काय असतं ते विचारतो आणि मुलगी एकटी असली तर येणार-जाणार कोण तेही विचारतो. (वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने देताना आपण दुसरं काय विचारतो?)

राहिला मुलीचा पगार. ‘तुझे पैसे नकोत ग, लग्नाला होतील’ हे आपण मायेनेच म्हणतो, पण त्यातून ती चार दिवसांची पाहुणी आहे हेच तिला कळतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे. तेव्हा विजेचं बिल भावाकडे असेल तर गॅसचं तिच्याकडे द्या, आणि फ्लॅटच्या कागदपत्रांची फाइल उघडाल तेव्हा तिलाही शेजारी बसवा.