परकी बाई, आपली भाषा

राजूरच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहा आणि कान उघडे ठेवा. कोणी वऱ्हाडीत बोलतो, कोणी हिंदीत. कोणी तेलुगूत हाक मारतो. कोळशाच्या खाणीमुळे इथे दूरदूरची माणसे कामाला आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही आल्या. जिल्ह्यातल्या पोडांवर आणि पाड्यांवर कोलामी आणि गोंडी तर आधीपासूनच आहेत.

परक्या मुलखात पोट भरायचे तर तिथली भाषा शिकावी लागते. हे खाणीतल्या मजुराला कोणी सांगायला नको. पण जो माणूस भाषा शिकवायलाच परक्या मुलखात जातो, त्याचे काय? त्याला वाटते, आपण गुरुजी. तिथे गेल्यावर कळते, आधी आपणच पाटी घेऊन बसले पाहिजे. अशाच एका बाईंची ही हकीकत आहे.

अमेरिकेतून हैदराबादला

बाईंचे नाव मॅक्सीन बर्नसन. जन्म १९३५ सालचा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. १९६१ साली त्या हैदराबादला आल्या. तिथल्या मराठी लोकांनी काढलेल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या कॉलेजात त्यांना इंग्रजी शिकवायचे होते.

इंग्रजी ही त्यांची घरचीच भाषा. ती शिकवणे अवघड नव्हते. पण वर्गाबाहेर दूध, भाजी, शेजारपाजार हे सगळे असतेच. तिथे इंग्रजी किती पुरणार? बाई मराठीच्या मागे लागल्या.

मराठी सोपी आहे का?

आपल्याला मराठी सोपी वाटते, कारण ती आपण आईच्या कडेवर बसून शिकलो. इंग्रजी बोलणाऱ्याला ती किती अवघड जाते, ते पाहा.

आपण म्हणतो, तो दगड, ती वाट, ते घर. दगडाला "तो" का आणि वाटेला "ती" का? इंग्रजीत असा भेद नाही. मराठी शिकणाऱ्याला तो एकेका शब्दागणिक पाठ करावा लागतो.

आपण लेकराला "तू" म्हणतो आणि मास्तरांना "तुम्ही". इंग्रजीत दोघांना एकच शब्द चालतो. मग नव्या माणसाची पंचाईत होते. सासूबाईंना "तू" म्हटले तर त्या रागावतील, आणि पोराला "तुम्ही" म्हटले तर पोर हसेल.

आता "चहा" म्हणा आणि "चूल" म्हणा. दोन्हीकडे अक्षर "च" आहे, पण आवाज वेगळा आहे. हे तुम्हाला कोणी शिकवले? कोणीही नाही. ऐकून ऐकून आले.

म्हणजे बघा, ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही भाषा पुरी येत होती. वाचायला आपण उशिरा शिकलो असू, पण भाषेत आपण कच्चे कधीच नव्हतो.

फलटणचे घर

१९६६ साली बाई सातारा जिल्ह्यातल्या फलटणला राहायला आल्या. गावातले लोक मराठी कसे बोलतात, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. एकाच गावात, पण शिकलेला एक तऱ्हेने बोलतो, न शिकलेला दुसऱ्या तऱ्हेने. एका आळीत "पाणी" म्हणतात, दुसऱ्या आळीत "पानी". हे सारे त्यांनी ऐकले आणि टिपून ठेवले. त्या अभ्यासावर १९७३ साली त्यांना अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळाली.

पुढे त्या अमेरिकेतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवू लागल्या. त्यासाठी फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी पुस्तके तयार केली. इंग्रजी शिकवायला आलेली बाई आता मराठीची शिक्षिका झाली होती! १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. गावातली मुले त्यांना "मॅक्सीनमावशी" म्हणत.

शाळेत जाऊनही वाचता येईना

फलटणच्या मंगळवार पेठेत दलित वस्ती आहे. तिथली कितीतरी मुले शाळेत जात, पण त्यांना वाचता येत नसे. बाईंनी त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा निघाली. ज्यांचे नाव शाळेला दिले, त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकनच. लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या.

या शाळेत वाचन कसे शिकवतात? आधी सारी बाराखडी घोकायची, असे नाही. थोडी अक्षरे घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द करायचे. जसे क, म, ल आणि काना. यांतून काम, काल, माल, कमल असे शब्द होतात. शब्द कळला की मुलाला हुरूप येतो. मग मुले स्वतःच्या मनातले लिहू लागतात.

आपल्या गावाचा विचार

आपली बाई म्हणते, "मी आली." पुस्तकात असते, "मी आले." आपण म्हणतो "मले", पुस्तकात "मला". पोराने शाळेत "मले" म्हटले आणि सगळे हसले, तर पोर दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही. जे बोलत नाही, ते लिहीतही नाही. हळूहळू शाळाच सुटते. "मले" ही चूक नाही, ती आपली बोली आहे. "मला" ही लिहिण्याची रीत आहे. बोली ठेवायची आणि रीतही शिकायची. एकासाठी दुसरी टाकू नये.

आणि कोलाम किंवा गोंड घरातल्या लेकराचे काय? त्याच्या घरची भाषा मराठीहून अगदी निराळी, तेलुगूच्या कुळातली. शाळेत पाऊल टाकले की त्याला परका मुलूख लागतो. मॅक्सीनबाई हैदराबादला आल्या तेव्हा मोठ्या होत्या, शिकलेल्या होत्या. हे लेकरू तर सहा वर्षांचे आहे. त्याला "ढ" म्हणण्याआधी एवढे आठवावे. त्याच्या भाषेतले चार शब्द मास्तरांनी शिकून घेतले, शेजारच्या पोरांनी शिकून घेतले, तर त्याला शाळा आपली वाटेल.

प्रश्न

१. बाई हैदराबादला कशासाठी आल्या? फलटणला कशासाठी आल्या?
२. "च" या अक्षराचे दोन आवाज कोणते? असे आणखी दोन दोन शब्द लिहा.
३. क, म, ल, र आणि काना यांतून होतील तेवढे शब्द लिहा.
४. तुमच्या शेजारी दुसरी भाषा बोलणारे घर आहे का? त्यांच्या भाषेत पाण्याला, भाकरीला आणि आईला काय म्हणतात? विचारा आणि वहीत लिहून आणा.